नानांनी न चोरलेली पट्टी

गजवाले नाना आपल्या विद्यार्थ्यांच्या चोऱ्या करायचे. आपण पाणी प्यायला आत गेलो, किंवा बाहेर स्कूटरवर ताटकळणाऱ्या घरच्यांना 'आलेच' म्हणून सांगायला गेलो, की तेवढ्यात हात मारायचे. परत येऊन पाहावं तर हे खिडकीशी बसून पिंप्राळ्याचा रस्ता असा न्याहाळताहेत, की जणू त्या रस्त्यावरून आज पहिल्यांदाच रिक्षा गेली. चोरी करून वर इतका साळसूद चेहरा ठेवणारा दुसरा सज्जन माणूस मी पाहिलेला नाही.

चोरायचे काय, तर चिकटपट्टी. औषधांच्या दुकानात मिळते ती, पांढरी. व्हायोलिन काय आणि त्याचा थोरला भाऊ चेलो काय, या वाद्यांना सतारीसारखे पडदे नसतात. तारेखालची काळी फळी नुसती गुळगुळीत. बोट कुठं टेकवायचं हे डोळ्यांना कळायची काही सोयच नाही. म्हणून नवशिक्याच्या वाद्यावर नाना त्या फळीवर चार बारीक पट्ट्या आडव्या चिकटवायचे, एकेका बोटाला एक. आणि मग बोटाला जागा पाठ झाली असं त्यांच्या कानाला वाटलं, की ती पट्टी गुपचूप काढून घ्यायचे. सांगायचे नाहीत. आपल्या लक्षात यायचं ते आठ-दहा दिवसांनी. मी पहिल्यांदा तक्रार घेऊन गेले होते.

"नाना, माझी एक पट्टी पडली."

"केव्हा?"

"काय माहीत. आठवडा झाला असेल."

"मग आठवडाभर काय केलंस?"

"वाजवलं."

"मग पडू दे की."

चौथी, म्हणजे शेवटची पट्टी चोरीला गेली की मात्र समारंभ असायचा. एरवी आम्हाला चहा मिळायचा तो स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धा. पण शेवटची पट्टी गेलेल्या विद्यार्थ्याला नाना कपबशीत चहा देत. निळ्या काठाची एकच कपबशी होती घरात, पाहुण्यांसाठी ठेवलेली. चहा पिऊन झाला की म्हणायचे, "झालं. आता माझ्याकडे शिकायला यायचं नाही. आता माझ्यापेक्षा चांगल्याकडे जा." आणि खरंच पुन्हा शिकवायचे नाहीत. कुणी दुसऱ्या दिवशी सवयीनं आलाच, तर दारातूनच खुशाली विचारून वाटेला लावायचे. आम्हा पोरांना त्या कपबशीची भारी हाव होती. ती कपबशी म्हणजे तिथून कायमची रवानगी, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नाना मूळचे दोंडाईचाचे. नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, फिटर म्हणून. तिथल्या कॉलनीत गोव्याचे एक साहेब राहायचे, एकटेच, आणि संध्याकाळी चेलो वाजवायचे. साहेबांच्या घरचा पंखा दुरुस्त करायला गेलेले नाना त्या दिवशी पंखा सोडून चेलोच ऐकत बसले आणि पुढं अकरा वर्षं त्यांच्याकडे शिकले. साहेब निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी निघाले तेव्हा त्यांनी चेलो नानांच्या हवाली केला. "विकू नको, आणि बंद ठेवू नको," एवढंच सांगितलं. जिल्ह्यात दुसरा चेलो कुठं असला तर आम्हाला ठाऊक नव्हता. नानांना मूलबाळ नव्हतं, काकू मी त्यांना ओळखायच्या आधीच गेल्या होत्या. पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांत नाना आणि चेलो असे दोघंच राहायचे. चेलोला ते 'थोरली' म्हणत आणि आपल्या व्हायोलिनला 'धाकटी'.

'गजवाले' हे नाव त्यांच्या गजावरून पडलं. वाजवायचा गज स्कूटरवर मोडू नये म्हणून त्यांनी तो नळाच्या प्लॅस्टिकच्या पाइपात घातला होता आणि दोन्ही टोकांना झाकणं बसवली होती. तो पाइप पाठीला लावून ते शिकवण्यांना निघाले, की निम्म्या कॉलनीला ते प्लंबर वाटत. बायका गॅलरीतून हाका मारायच्या, "ओ भाऊ, आमचा नळ गळतोय!" नानाही स्कूटर लावून वर जायचे आणि नळ नीट करून द्यायचे. शिकवणीला उशीर झाला तर पोरांना खरं कारण सांगायचे. पोरांना ते थाप वाटायचं.

मी आठवीत जळगावला आले. आमचं गाव रावेरकडचं, घरची केळीची शेती. शाळेसाठी मला पिंप्राळ्यात मावशीकडे ठेवलं होतं. नानांचं घर मागच्याच गल्लीत. एका संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून तो जाड, खोल, पोटातून आल्यासारखा आवाज आला आणि मी तिथंच उभी राहिले. हातातलं दूध तापवायला घरी न्यायचं होतं ते राहिलं. मावशीनं मला शोधून काढलं, आधी रागावली, आणि मग मला घेऊन त्यांच्या दारात गेली.

पहिल्या दिवशी नाना प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायचे, घरात काम काय चालतं? त्यांनी माझ्या घरची इतकी बारीक चौकशी केली, की मावशीला वाटलं, यांच्या कुण्या पुतण्यासाठी स्थळ बघताहेत. पण त्यांना हवं होतं वेगळंच. मला म्हणाले, "नांगरताना पाहिलंय ना? नांगराचं तास वाकडं गेलं तर तुझा बाप काय करतो? ओरडतो ना? मग तारेवर गज तसाच जायला हवा, सरळ तासात." शिंप्याच्या पोराला ते शिवण म्हणून सांगायचे. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई शिकायला यायच्या, त्यांना सांगायचे, "बाई, प्रत्येक वेळी सही तीच यायला हवी." आम्ही सगळे एकच गज ओढायचो, पण प्रत्येकाच्या हातात तो आपापल्या घरचा होता.

दुसरी पद्धत म्हणजे आधी गळा. जो स्वर वाजवायचा तो आधी गुणगुणायचा. गुणगुणता आला नाही तर गज हातात मिळायचा नाही. मला तर त्यांनी पहिला दीड महिना नुसतं मोकळ्या तारा ओढायला लावलं. डोळे मिटून. मी कंटाळून रडकुंडीला आले. पण त्या दीड महिन्यात तार कुठं कुरकुरते, कुठं खुशीत येते हे मला असं कळायला लागलं, की आजही दुसऱ्या कुणाचा चेलो ऐकताना माझा हात आपोआप सैल होतो.

'चूक' हा शब्द नानांच्या तोंडून मी ऐकला नाही. शिकवताना ते शुद्ध मराठीत बोलायचे, पण आतून काही हललं की दोंडाईचा बाहेर पडायचं. वाईट वाजलं की गप्प बसायचे. बरं वाजलं की चहाचं आधण ठेवायचे. आणि आपण पार हात टेकले, 'नाना, मला नाही जमणार' म्हणालो, की मान न उचलता म्हणायचे, "व्हई जाई." होऊन जाईल. बस, एवढंच. आईनं रडणाऱ्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसं ते 'व्हई जाई' यायचं. आणि काय सांगू, व्हायचं.

बाकी सगळे व्हायोलिन शिकायचे, चेलो शिकणारी मी एकटी. त्यामुळे थोरलीवर नानांच्या खालोखाल माझा हक्क आहे असा माझा समज झाला होता. दुसऱ्या कुणी तिला हात लावला तर मला राग यायचा. अकरावी संपेपर्यंत माझ्या तीन पट्ट्या चोरीला गेल्या होत्या. उरली होती एक. मी मनात कपबशीतला चहा पिऊनसुद्धा झाले होते.

त्या मे महिन्यात दोंडाईचाला नानांच्या अक्का आजारी पडल्या. त्यांची थोरली बहीण. महिनाभर तरी तिकडे राहावं लागणार होतं. नानांच्या खोलीवर स्लॅब, उन्हाळ्यात तिथं भट्टी पेटायची. ते घरी असले की चेलोजवळ कूलर आणि माठ ठेवून कसंबसं निभावून न्यायचे. बंद घरात ती लाकडं तडकलीच असती. म्हणून त्यांनी पहिल्यांदाच थोरली दुसऱ्याच्या हवाली केली, आणि ती माझ्या. जुन्या गोधडीची खोळ त्यांनी स्वतः शिवली होती. ती चढवता चढवता म्हणाले, "उन्हात ठेवायची नाही. थंडाव्यात ठेवायची. गज रोज फिरला पाहिजे. संध्याकाळी सहाला मी फोन करीन, मला ऐकवायचं."

वडील पिकअप घेऊन आले. त्यांना आम्ही घरात भाऊ म्हणतो. मागच्या बाजूला गादी टाकून थोरलीला आडवी निजवली आणि आम्ही गावाला निघालो. गावात शिरताना पारावरच्या दोघा-तिघांनी ते गोधडीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी पाहून डोक्यावरच्या टोप्या काढल्या. भाऊंनी गाडी थांबवून त्यांना सांगितलं, "अरे, वाजा हाये तो!" तरी एकानं हात जोडायचे ते जोडलेच.

दहा-बारा दिवस झकास गेले. सहाला फोन वाजायचा, आई तो माझ्यासमोर पाटावर ठेवायची, मी वाजवायची, पलीकडे नाना आणि अक्का ऐकायचे. मग मामेबहिणीचं लग्न आलं. नानांना फोनवर सांगून मी चार दिवसांसाठी भुसावळला गेले. जाताना भाऊंना बजावून गेले, "थंडाव्यात ठेवा."

आता माझे भाऊ. त्यांना एक गोष्ट सांगितली की ती ते जीव तोडून करणार. त्या चार दिवसांत ऊन असं तापलं, की पत्र्याखालच्या आमच्या घरात भांड्याला हात लावला तरी चटका बसे. आणि आमच्या घराला लागून भाऊंनी केळी पिकवायचं छोटं चेंबर बांधलेलं. बंद खोली, आत गार ओलसर हवा, हिरवी केळी घातली की चार दिवसांत पिवळी होऊन बाहेर. गावात त्याच्याइतकी थंड जागा दुसरी नाही. भाऊंनी खोळ काढली, थोरलीला केळीच्या क्रेटांच्या मधोमध उभी केली, आणि आणखी काळजी म्हणून वरून ओलं गोणपाट पांघरलं.

मी परत आले तेव्हा भाऊ मला हात धरून चेंबरात घेऊन गेले. इतके खूश होते! मला तरी कुठं कळत होतं? मी तिच्या अंगावरून हात फिरवला, गारेगार लागली, मलाही बरं वाटलं. दुपारी आम्ही ती ओसरीवर आणली. तासाभरात तिच्यातून आवाज येऊ लागले. टक्. टक्. वाळक्या शेंगा फुटाव्यात तसे. चेलोची लाकडं सरसानं चिकटवलेली असतात. चार दिवसांच्या ओलाव्यानं सरस मऊ पडला आणि बाहेरच्या उन्हानं लाकूड आखडलं. माझ्या डोळ्यांसमोर तिची पाठ एका बाजूनं उघडली. तारा सैल पडल्या, तारांना खालून टेकू देणारी घोडी आडवी झाली, आणि ती उरलेली एक पट्टी गळून ओसरीच्या फरशीवर पडली.

मला रडू आलं नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजायचे होते.

भाऊंनी सुताराला बोलावलं. तो पांढरा डिंक आणि बारीक खिळ्यांची पुडी घेऊन हजर झाला, "अर्ध्या तासाचं काम हाये" म्हणाला. मी चेलोसमोर आडवी उभी राहिले, हात लावू दिला नाही. सहाला फोन वाजला. मी उचलला आणि म्हणाले, "नाना, इकडे लाइट गेलीय, फोन बंद पडेल, उद्या वाजवते." लाइट जायचा आणि चेलो वाजवायचा काय संबंध? नाना नुसतं "बरं" म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण ते 'बरं' मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला तेव्हा मी उठलेच नाही. भाऊंनी उचलला. पंचायतीत, बाजारात कुणापुढं मान न वाकवणारे माझे भाऊ ओसरीवर उभे राहून बोलत होते आणि दुसऱ्या हातानं खांब घट्ट धरला होता.

"नाना, हे माह्या हातनं झालं. पोरगी घरी नव्हती. ऊन लई होतं म्हनून मी त्याले केळीच्या चेंबरात ठेवलं. त्याची पाठ उघडली."

पलीकडून नानांचा आवाज आला, तो मलाही ऐकू येत होता.

"केळी किती दिवस ठेवता चेंबरात?"

"चार दिवस."

"आणि थोरलीला?"

"तिलेबी चारच दिवस."

"बरं. खिळा मारू नका. पांढरा डिंक लावू नका. कोरड्या सावलीत आडवी ठेवा. मी येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना दारात उभे. पहाटेच दोंडाईचाहून गाडीत बसले होते. आईनं अक्कांची तब्येत विचारली तर म्हणाले, "अक्कानं हाकललं मला. म्हणाली, मी काय आते मरत नही, तू जाय." पाणी प्यायले, हात धुतले, आणि थोरलीजवळ जमिनीवर बसले. तिच्या पाठीवर तळवा ठेवून थोडा वेळ नुसते बसून राहिले. साहेबांनी दिलेली ती एकुलती एक वस्तू. मी दाराआड होते. आता ते माझी शिकवणी बंद करतील, म्हणजे कायमची, अशी माझी खात्री होती.

त्यांनी मला हाक मारली. "इकडे ये. डोळे मीट. आता कडेकडेनं बोटाच्या पेरानं ठोकत जा. चिकटलेलं आहे तिथं आवाज कसा येतो, आणि सुटलंय तिथं कसा येतो, ते मला सांग."

म्हणजे त्यांनी शिकवणीच सुरू केली होती! मी ठोकत गेले. चांगल्या जागी लाकूड टणक बोलत होतं, सुटलेल्या जागी आवाज मेल्यासारखा. मी बोट ठेवायची, नाना खडूनं खूण करायचे. एक जागा मी चुकवली तर ते गप्प बसले, मी मागे गेले, पुन्हा ठोकलं, ती सापडली. सगळी फेरी पूर्ण झाल्यावर म्हणाले, "बठ्ठं नही उघडेल. दोनच जागा शेतस. व्हई जाई." सगळी नव्हे, दोनच जागा उघडल्या होत्या. तेव्हा कुठं मी रडले. ढसाढसा.

भाऊ अजून खांबापाशी उभे होते. नाना त्यांच्याकडे वळले. "पाटील, साहेबांनी थोरली माझ्या ताब्यात दिली ना, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी काय केलं माहितेय? मी फिटर माणूस. मशिनीला तेल घालतात तसं हिच्या खुंट्यांना तेल घातलं. खुंट्या अशा सटकायला लागल्या की एक तार जागेवर राहीना. साहेब तेव्हा निघायचे होते. त्यांनी पाहिलं आणि मला काहीही बोलले नाहीत. माझ्याकडूनच खडूच्या भुकटीनं त्या साफ करून घेतल्या, दोन दिवस. तुम्ही केळीवाले, तुम्ही पिकवली. मी फिटर, मी तेल घातलं. तुमच्यात-माझ्यात फरक काय?" भाऊंनी खांब सोडला आणि खाली बसले.

मग तीन दिवस आमची ओसरी म्हणजे कारखाना झाला. सुतारानंच कुठून तरी सरस आणला. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून तो नानांनी पातळ केला आणि सुरीच्या पातीनं फटीत सोडला. कडा आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि त्या लाकडाला काचू नयेत म्हणून भाऊंनी ठिबकच्या नळ्या उभ्या चिरून कडेवर बसवल्या. त्या कल्पनेचं नानांना इतकं कौतुक वाटलं, की पुढं कितीतरी वर्षं कुणी विचारो न विचारो, 'ठिबक हे पाटलांचं डोकं' असं सांगायचे. आईची कळण्याची भाकरी आणि ठेचा खात दोघं थोरलीच्या दोन्ही बाजूंना बसून राहायचे. भाऊ त्यांना केळीचं सांगायचे, नाना भाऊंना टर्बाइनचं.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या, तारा चढवल्या, आणि नानांनी गज माझ्या हातात दिला. थोरली बोलली. फक्त खर्जाच्या तारेवर एका स्वराला बारीकशी घरघर येत होती, ती काही गेली नाही. माझा चेहरा पाहून म्हणाले, "कसाले रडस व पोरी? बोलस ना ती?" मग पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं. आधी चोरलेल्या तीन जागा तशाच मोकळ्या ठेवल्या आणि गळून पडलेल्या चौथ्या जागी नवी पट्टी काळजीपूर्वक दाबून बसवली.

ती पट्टी मला शिक्षा वाटली. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण विश्वास उडालाय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. बारावीचं वर्ष सगळं मी त्या पट्टीकडे बघत काढलं. माझ्यामागून आलेल्या व्हायोलिनवाल्या पोरांनी कपबशीतून चहा पिऊन निरोप घेतले. मी पुण्याला शिकायला निघाले त्या दिवशीही चहा मिळाला तो पेल्यातच.

मग शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं पुण्यात. तिथं भाड्याचा चेलो मिळाला, चांगले गुरूही मिळाले. पण दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात मी जळगावला यायची आणि पहिली धाव नानांकडे. थोरली मांडीशी घेऊन आधी मान खाली घालून पाहायची. पट्टी तिथंच. पांढरीची पिवळी झाली, पिवळीची तपकिरी. मी म्हणायची, "नाना, आता तरी." ते म्हणायचे, "व्हई जाई. पुढच्या खेपेला बघू." मी चिडायची. माझे पुण्यातले गुरू मला मैफलीत बसवतात आणि नाना अजून चौथं बोट तपासताहेत!

मधल्या काळात एक गोष्ट घडली ती भाऊंनी मला फोनवर सांगितली. ते जळगावला आले की केळीची एक फणी नानांकडे पोचवायचेच. तशी ती द्यायला गेले असता दारात एका चिमुरडीनं त्यांना गाठलं. शिकायला आलेली नवी मुलगी. केळी पाहून हसत सुटली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला माहितेय? आमच्या नानांनी एकदा चेलो केळीत पिकत घातला होता! म्हणून तो त्या सुरावर घरघरतो." भाऊ फणी हातात धरून उभेच राहिले. इतकी वर्षं नाना प्रत्येक नव्या मुलाला ती गोष्ट सांगत आले होते, आणि प्रत्येक वेळी ते चेंबर, ते गोणपाट, सगळं स्वतःच्या नावावर घेत आले होते. हे सांगता सांगता भाऊ रडायला लागले. मी त्यांना रडताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी नाना थकले. बोटं कापायला लागली, शिकवण्या बंद झाल्या, बाजूचं कुटुंब दोन वेळचा डबा द्यायचं. दिवाळीला अजून महिना होता, पण मावशी फोनवर म्हणाली, "लवकर ये." मी दुसऱ्या दिवशी पोचले. नाना खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. "वाजव" म्हणाले. मी थोरली घेतली, डोळे मिटले आणि वाजवलं. घरघरीचा स्वर मी मुद्दाम लांबवला. संपलं तेव्हा त्यांनी कूस बदलली होती आणि हसत होते.

"उठून आधण ठेवता येत नाही आता," म्हणाले. "तू ठेव. आणि तुझ्यासाठी कपबशी काढ."

मी जागची हलले नाही. "म्हणजे पट्टी निघाली?"

"ती तर तू पुण्याला गेलीस त्याच्या आधीच निघायला हवी होती. त्या मे महिन्यात, ओसरीवर, डोळे मिटून तू ठोकत गेलीस ना, तेव्हाच मला कळलं होतं. हिचं झालं."

"मग पुन्हा का लावलीत? इतकी वर्षं का ठेवलीत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो चोरी करून झाल्यावरचा चेहरा केला, खिडकीकडे बघणारा.

"काढी टाकतू," ते हळूच म्हणाले, "ते तू कसाले येती व?"

काढून टाकली असती, तर तू कशाला आली असतीस? मी शिक्षा समजत होते, आणि त्या माणसानं मला परत येण्यासाठी एक निमित्त करून ठेवलं होतं. ज्याची शेवटची पट्टी गेली तो गेला, हा त्यांचा स्वतःचाच नियम, आणि माझ्यापुरता तो त्यांना पाळता आला नव्हता. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी कापऱ्या हातानं थोपटलं आणि म्हणाले, "आते काढ. तुना हातवरी काढ."

मी पट्टीला नख लावलं. डिंक केव्हाच वाळून गेला होता. कोपरा उचलताच ती अख्खी पट्टी माझ्या बोटावर आली. नानांची नजर अधू झाली होती, त्यांना दिसलं असेल-नसेल. मी ती परत जागेवर ठेवली, अंगठ्यानं दाबली, आणि म्हणाले, "निघत नाहीये, नाना. घट्ट बसलीय."

लाइट गेलीय म्हणून मी फोन ठेवला होता त्या दिवशी म्हणाले होते, तसंच नाना नुसतं "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "व्हई जाई. पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप आली नाही. बारा दिवसांनी नाना गेले. थोरली आता माझ्याकडे आहे, पुण्यात. नानांचं घर रिकामं झाल्यावर भाऊंनी स्वतः पिकअप चालवत ती आणून दिली. वाटेत ऊन लागू नये म्हणून पहाटेच निघाले होते. मीही रविवारी चार मुलांना शिकवते. त्यांच्या पट्ट्या चोरते, आणि खिडकीकडे बघते. थोरलीवरची ती तपकिरी पट्टी वाजवताना रोज थोडी सरकते. वाजवून झालं की मी ती अंगठ्यानं दाबून पुन्हा जागेवर बसवते.